तीन कॉलेजं आणि पुढच्या सीटवरचा मामा

सीईटीचा निकाल लागला त्याच रात्री कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी दौरा आखला. चिपळूण, कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर आणि आंबा घाटाने परत. तीन दिवस. कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या, फॉर्मात 300 पर्यंत पर्याय भरता येतात, पण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो ऑटो-फ्रीझ. पुढच्या फेऱ्या आपल्यापुरत्या संपल्या. एका साडीसाठी चार दुकानं पालथी घालणारी मी, लेकीची चार वर्षं न बघता कशी लिहून देणार?

मी चालवणार, लेक शेजारी बसून रस्ता सांगणार, असं ठरलं होतं. नवऱ्याला दुकान सोडता येईना. सासूबाई म्हणाल्या, "बरोबर कुणीतरी पुरुष माणूस असूदे गो." म्हणून दादा आला. माझा मोठा भाऊ, बँकेतून रिटायर झालेला. आला तो थेट पुढच्या सीटवर, गुडघे दुखतात म्हणून. लेक मागे, बॅगा आणि चिवड्याच्या डब्याशेजारी.

जुलैतला कुंभार्ली घाट. पोफळी सोडली आणि धुक्याने गाडी गिळली. दादाच्या पायाखाली ब्रेक नाही, तरी प्रत्येक वळणाला तो पाय दाबत होता. वर पोचल्यावर भजी खाल्ली, तेव्हा कुठे त्याचा पाय सैल झाला. कोयनानगर, पाटण सगळं वायपरच्या फटीतून पाहिलं.

कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी 1960 सालचं. विद्यानगरात जाऊन बघितलं, पुढे निघालो. खरं लिहायचंय ते दुसरंच आहे. ते कुठे घडलं हे सांगत नाही, कारण थोड्याफार फरकाने दोन-तीन ठिकाणी तेच घडलं.

लेकीने वहीत प्रश्न लिहून आणले होते. होस्टेल पहिल्या वर्षी सगळ्या मुलींना मिळतं का, लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत, ब्रँच बदलता येते का. ती विचारायची आणि टेबलापलीकडचा माणूस दादाकडे बघून उत्तर द्यायचा. "साहेब, होस्टेल मेरिटवर असतं." साहेब मान हलवायचे. एका खाजगी कॉलेजात तर एसी केबिनमध्ये पाण्याचा पहिला ग्लास दादाला, कार्ड दादाला, आणि "मॅनेजमेंट कोट्याचं आपण बसून बोलू" हेही दादालाच. मी आई, गाडी माझी, चेकवर सही माझी. आणि मी तिथे भिंतीवरच्या घड्याळासारखी. दादाने अख्ख्या दौऱ्यात स्वतःहून एकच प्रश्न विचारला, "पार्किंग कुठे केलं तर चालेल?" त्यालाही सविस्तर उत्तर मिळालं. तिसऱ्या प्रश्नानंतर लेकीने वही मिटली.

चीड आली होती, पण खरं सांगते, महिनाभर घरी मी तेच करत होते. कुणीही "काय घेणार गं?" असं तिला विचारलं, की तिचं तोंड उघडायच्या आत मी, "कॉम्प्युटर."

पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलो. विश्रामबागेत वालचंद. 1947 साली हे न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झालं, हे दादाने गेटवर मोबाइलमधून मोठ्याने वाचून दाखवलं. मग त्याला कुणाचा तरी फोन आला आणि तो पोर्चमध्येच थांबला. देव पावला.

वर्कशॉपचं दार अर्धं उघडं होतं. आत एक खाकी शर्टातले काका झाडून घेत होते. आम्हाला बघून म्हणाले, "आत या की. बगायला काय पैसं पडत न्हाईत." मग माझ्याकडे न बघता लेकीला, "कानस धरलीयस का कधी?"

"नाही."

"मग ये हिकडं."

त्यांनी वाइसमध्ये लोखंडी पट्टीचा एक तुकडा घट्ट बसवला. तिचा उजवा हात मुठीवर, डावा तळवा कानशीच्या टोकावर ठेवून दिला. "फुडं जाताना दाब. मागं येताना सोड. मागं दाबलीस तर दातं मरत्यात." पहिले चार-पाच हात नुसती किरकिर. मग आवाज बदलला, एकसारखा खर्र-खर्र यायला लागला आणि वाइसखाली काळी भुकटी पडायला लागली. काकांनी तुकडा काढून त्यावर काटकोन तपासायचा गुण्या टेकवला, ट्यूबलाइटसमोर धरला. "मधनं उजेड दिसतोय न्हवं? तेवढं अजून घास."

तिने घासलं. पुन्हा उजेडाला धरलं. पुन्हा घासलं. मी वीस मिनिटं एका लाकडी स्टुलावर बसून होते. कपाळावरची बट तिने मनगटाने मागे सारली, तर तिथे काळा पट्टा उमटला. तिसऱ्यांदा गुण्या लावून तिने स्वतःच उजेड पाहिला आणि म्हणाली, "इथे अजून जरा आहे." काका झाडू घेऊन केव्हाच पलीकडच्या कोपऱ्यात गेले होते.

कोल्हापूरला दिवसभर पाऊस, मिसळ आणि ओले सॉक्स. बाकी काही आठवत नाही.

परतीला मी दादाला मागे बसवलं. गुडघे मागे बसूनही तेवढेच दुखतात, हे त्यानेच कबूल केलं. आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो, पुन्हा गाडीत बसलो, तेव्हा लेक म्हणाली, "आई, मेकॅनिकल वर टाकायचं. सांगलीचं. एक नंबरला."

एक नंबरला म्हणजे लागलं तर फ्रीझ. प्लेसमेंट, पॅकेज, मुलींना मेकॅनिकल... सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं. मी आरशातून दादाकडे बघितलं.

तो घोरत होता.

फॉर्म भरायला अजून चार दिवस आहेत. रोज जेवणानंतर वाद होतो. काकांनी तो पट्टीचा तुकडा तिला देऊन टाकला होता, तो तिने डॅशबोर्डवर ठेवलाय. खड्ड्यातून गेलं की खडखडतो. दोनदा मी तो कप्प्यात टाकला. दोन्ही वेळा पुन्हा वर.