पोर्शे ९१४: पंप पुढे गेला, आता वायरींचं काय?

पोर्शे ९१४ चं इंजिन सीटांच्या मागे असतं. १९७० ते १९७४ मधल्या चार सिलिंडरच्या ९१४ मध्ये पेट्रोल पंप मागे, इंजिनाच्या उजव्या अंगाला, हीट एक्स्चेंजरच्या शेजारी असतो. म्हणजे टाकी नाकात आणि पंप गाडीतल्या सगळ्यांत गरम कोपऱ्यात. तापलेलं इंजिन बंद केलं आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू करायला गेलं की वेपर लॉक होतो (पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो), त्याचं मूळ इथेच आहे. १९७५ च्या मॉडेलपासून पोर्शेनेच पंप पुढे, टाकीखालच्या स्टीअरिंग रॅकच्या कप्प्यात नेला. जुन्या गाड्यांत तोच बदल करणारे पुष्कळ आहेत. पाइपांबद्दल भरपूर लिहिलं जातं, वायरिंग मात्र ‘दोन वायरी पुढे ओढल्या की झालं’ एवढ्यावर सोडून देतात.

तरी पाइपांबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे. टनेलमधली (सीटांच्या मधून जाणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यातली) मूळची प्लास्टिकची नळी पेट्रोल फक्त टाकीकडून पंपाकडे पोचवत होती. पंप पुढे आला की त्याच नळीतून सुमारे २ बार दाबाचं पेट्रोल दोन सीटांच्या मधून जाणार. पन्नास वर्षांत कडक झालेल्या प्लास्टिकवर हा भरवसा ठेवता येत नाही. स्टीलच्या नळ्या आधी, पंपाला वीज नंतर.

आता मुद्द्याचं. पंपाची जागा बदलायची आहे, त्याला चालू-बंद करणारा बदलायचा नाही. १.७ आणि २.० लिटरच्या गाड्यांत बॉशची डी-जेट्रॉनिक ही पेट्रोल इंजेक्शनची यंत्रणा असते. चावी फिरवली की तिचं कंट्रोल युनिट पंपाचा रिले (छोट्या करंटवर चालणारा विजेचा स्विच) एक-दीड सेकंद ओढतं आणि सोडतं. त्यानंतर डिस्ट्रिब्यूटरमधल्या ट्रिगर कॉन्टॅक्टकडून स्पंदनं येत राहिली तरच पंप चालतो. इंजिन थांबलं की पंपही थांबतो, चावी चालू असली तरी. १.८ च्या एल-जेट्रॉनिकमध्ये हेच काम एअरफ्लो मीटरच्या झडपेतला स्विच करतो: हवा आत जात असेल किंवा स्टार्टर फिरत असेल, तेव्हाच पंप. पुढे वायर ओढायचा कंटाळा म्हणून फ्यूज बॉक्समधल्या इग्निशनच्या टर्मिनलवरून पंपाला सरळ सप्लाय देणारे हे सगळं संरक्षण एका झटक्यात काढून टाकतात. अपघातात नळी तुटली, इंजिन बंद पडलं, तरी पंप पेट्रोल फेकतच राहतो. शिवाय आता तो गाडीच्या नाकात आहे, म्हणजे धडक जिथे बसते तिथेच.

म्हणून काहीही कापण्याआधी मूळ वागणूक तपासून घ्या. डी-जेट्रॉनिकमध्ये चावी फिरवताच ‘गुर्र’ आवाज होऊन थांबला पाहिजे. एल-जेट्रॉनिकमध्ये नुसत्या चावीवर आवाज येतच नाही, तो दोष समजू नका. चावी चालू ठेवून एअरफ्लो मीटरची झडप बोटाने किंचित उघडली की पंप बोलतो. आवाज अजिबात येत नसेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर नव्या वायरिंगवर जुन्या दोषाचा आळ येतो. त्याच वेळी पंपाच्या प्लगवर किती व्होल्ट मिळतात तेही लिहून ठेवा, शेवटी तुलनेला लागतील.

आता वायर किती जाड? तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरीचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७५ ओम धरतात. मागच्या रिले बोर्डापासून पुढच्या कप्प्यापर्यंत वळणं धरून साडेचार मीटर आणि पंपाचा करंट ६ अँपिअर धरला, तर १ चौरस मिमी वायरीत जवळजवळ अर्धा व्होल्ट जातो, १.५ मध्ये ०.३ आणि २.५ मध्ये ०.२ च्या आत. अर्थही मागूनच ओढली तर हे आकडे दुप्पट. २.५ चौरस मिमी घ्या. तिच्याहून जाड घेऊन फारसा फायदा नाही, जुन्या ग्रोमेटांतून (पत्र्याच्या भोकांतल्या रबरी कड्यांतून) मात्र ती जात नाही. पंपाचा खरा करंट मात्र अंदाजाने धरू नका, दाब बसलेला असताना क्लॅम्प मीटरने मोजा. बदली पंप बरेचदा मूळ पंपापेक्षा जास्त खातात.

इथे बहुतेक जण सांगतील, पुढे एक वेगळा रिले टाका, जुन्या वायरीने फक्त तो ओढा आणि पंपाला वीज फ्यूज बॉक्सवरून द्या. इंजिन आणि बॅटरी पुढे, टाकी मागे असलेल्या गाडीवर ऐकलेला हा सल्ला इथे तसाच चिकटवतात. ९१४ ची बॅटरी मागे इंजिनाच्या कप्प्यात आहे आणि पंपाचा रिलेही मागेच, डाव्या बाजूच्या रिले बोर्डावर. फ्यूज बॉक्सपर्यंत जी वीज पोचते ती मागूनच, जुन्या वायरीतून आणि टोकं काळी पडलेल्या सिरॅमिक फ्यूजमधून येते. म्हणजे पुढच्या रिलेला मिळणारे व्होल्ट मुळातच कमी. मागच्या रिलेवरून २.५ ची एक नवी वायर थेट पंपापर्यंत नेली तर जोड कमी, व्होल्ट जास्त. रिले जुना झालाय अशी शंका असेल तर रिले बदला. दुसरा वाढवू नका.

जोड कुठे द्यायचा, यावर अर्धं काम अवलंबून आहे. मूळ पंपाचा दोन पिनांचा प्लग बॅटरीखालच्या त्या बदनाम कोपऱ्यात असतो, जिथे वर्षानुवर्षं ॲसिड ठिबकून पत्राही गंजतो. त्या प्लगमध्ये नवी वायर खोचू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पॉझिटिव्ह वायर रिले बोर्डाच्या दिशेने मागे कापत जा, आणि तांबं चकचकीत दिसेल तिथे थांबा. हिरवट-काळी पडलेली तार वरून खरवडून उजळ करता येते, पण ॲसिड इन्सुलेशनच्या आत शोषलं गेलेलं असतं आणि जोड काही महिन्यांत पुन्हा खातं. जोडासाठी उघडा बट कनेक्टर (दोन टोकं आत घालून दाबायची, म्हणजे क्रिम्प करायची धातूची नळी), योग्य जबड्याचा प्लास आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक एवढं पुरे. सोल्डर केलंत तर जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर कशाला तरी बांधलेली हवी. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. कापलेलं जुनं प्लगकडचं टोक गाडीत तसंच लोंबत ठेवू नका, काढून टाका.

जोडानंतर लगेच, रिले बोर्डाच्या जवळ, झाकणवाल्या होल्डरमध्ये ब्लेड फ्यूज बसवा. सहा अँपिअरच्या पंपाला १० अँपिअरचा. फ्यूज पंपाशेजारी बसवणारेही असतात, पण मग टनेलमध्ये वायर घासून शॉर्ट झाली तर तो शॉर्ट फ्यूजच्या अलीकडे राहतो आणि फ्यूज नुसता बघत बसतो.

टनेलमध्ये गिअरची दांडी पुढे-मागे आणि गोल फिरते, तिच्या शेजारून क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली जातात. वायर पन्हळी नळीत घाला आणि नव्या पेट्रोलच्या नळ्या ओढतानाच तीही ओढून घ्या, नंतर हात जात नाही. पण बांधताना ती पेट्रोलच्या नळीला बांधू नका, वेगळ्या क्लिपांवर घ्या. फायरवॉलमधून आणि पुढच्या पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट पाहिजेच. सगळं बांधून झाल्यावर झाकण लावण्याआधी कोणाला तरी सगळे गिअर टाकायला सांगा आणि टॉर्च लावून दांडी कशाला घासते का ते पाहा.

अर्थ पुढेच घ्या. पंप रबरावर बसवलेला असतो, त्यामुळे त्याच्या ब्रॅकेटमधून अर्थ मिळेल ही आशा सोडा. २.५ ची तपकिरी वायर (जर्मन गाड्यांत तपकिरी म्हणजे अर्थ, ही शिस्त मोडू नका, पुढच्या मालकाचा दुवा मिळेल), रिंग टर्मिनल, रंग खरवडून उघडा केलेला पत्रा, दातेरी वॉशर आणि घट्ट केल्यावर वरून ग्रीस. अर्थाचा हा बोल्ट रॅकच्या कप्प्यात चिखल उडतो तिथे देण्यापेक्षा वर कोरड्या जागी दिलेला बरा. पुढची अर्थ चांगली असूनही पंप मंद वाटला तर मागे बॅटरीची निगेटिव्ह केबल पत्र्याला मिळते तो बोल्ट बघा. तोही त्याच ॲसिडच्या कोपऱ्यात आहे.

पंपावर पॉझिटिव्ह-निगेटिव्हची खूण असते आणि बऱ्याच पंपांचे दोन स्टड वेगवेगळ्या मापाचे असतात. वायरी उलट्या लागल्या तर पंप उलटा फिरतो, आवाज अगदी नेहमीसारखा येतो, पण दाब शून्य. अशा वेळी लोक दाबाचा रेग्युलेटर बदलत बसतात. स्टडचा नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर स्टड पंपाच्या झाकणातच फिरतो आणि पंप गेला. टर्मिनलवर रबरी टोप्या घालाच, कारण या कप्प्यात खालून पाणी उडतं.

धडक बसली की सर्किट तोडणारा इनर्शिया स्विच इथे लावण्यासारखा आहे. वायर केबिनमधून जातेच आहे, तिथेच पॉझिटिव्हच्या मार्गात, हात पोचेल अशा जागी, पण पत्र्यावर पक्का आणि खुणेप्रमाणे उभा बसवा. ढिल्या ब्रॅकेटवर बसवला तर खड्ड्यातही सुटतो. पंपाचा करंट त्याला झेपतो का ते त्याच्यावरच्या आकड्यावरून पाहून घ्या.

इंजेक्शन काढून वेबर कार्बोरेटर बसवलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. कंट्रोल युनिटच नाही, त्यामुळे पंप कोण थांबवणार हे तुम्हालाच ठरवायचंय. (पंपही वेगळा लागतो. वेबरला साधारण ३.५ पीएसआय पुरतात, इंजेक्शनचा पंप कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह सरळ उचलतो आणि पेट्रोल वाहायला लागतं.) सगळ्यांत स्वच्छ उपाय म्हणजे इग्निशन कॉइलच्या टर्मिनल १ वरची स्पंदनं पाहून चालणारा रिले: स्पंदनं थांबली की पंप थांबला. दुसरा उपाय ऑइल प्रेशर स्विचचा, आणि त्यात एक खड्डा आहे. इंजिन सुरू होण्याआधी ऑइलचा दाब नसतो, म्हणून स्टार्टरच्या टर्मिनल ५० वरून पंपाला तात्पुरता सप्लाय देतात. ही वायर आणि ऑइल स्विचची वायर पंपाकडे नुसती एकत्र जोडली, तर दाब आल्यावर करंट उलटा स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे जातो आणि इंजिन चालू असताना स्टार्टर गुंतूनच राहतो. तीन टर्मिनलांचा चेंजओव्हर स्विच घ्या: दाब नसताना जुळणारं टर्मिनल स्टार्टरला, दाब आल्यावर जुळणारं टर्मिनल इग्निशनला, मधलं पंपाच्या रिलेला. डॅशबोर्डवरच्या दिव्याचा मूळ ऑइल स्विच या कामाचा नाही, तो दाब नसताना अर्थ देतो, एवढंच. नवा स्विच टी जोडून वेगळा बसवावा लागतो.

पहिल्यांदा चालवताना टाकीत पेट्रोल हवं आणि ते पंपापर्यंत पोचलेलं हवं. पंपाच्या रोलरना पेट्रोलचंच वंगण असतं, कोरडा फिरवला तर काही सेकंदांत झिजायला लागतो. गळती आधी बघा, हवा खेळती ठेवा, अग्निशामक हाताशी ठेवा. मग डी-जेट्रॉनिकमध्ये रिले काढून त्याच्या ३० आणि ८७ या टर्मिनलांमध्ये फ्यूजवाली जंपर वायर घाला, म्हणजे इंजिन न चालवता पंप चालतो. जंपर घालताना ठिणगी उडते, पेट्रोलचा जरा जरी वास येत असेल तर हात लावू नका. मल्टिमीटरचं एक टोक ८७ वर, दुसरं पंपाच्या पॉझिटिव्हवर: ०.३ व्होल्टच्या आत यायला हवं. मग पंपाच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत: ०.१ च्या आसपास. पहिला आकडा जास्त आला तर क्रिम्प, फ्यूज होल्डर किंवा इनर्शिया स्विच, दुसरा जास्त आला तर अर्थाचे बोल्ट. पंप बंद असताना ही मोजणी केली तर काहीच कळत नाही, करंटच वाहत नसतो.

जंपर काढून रिले परत बसवा आणि सुरुवातीची चाचणी पुन्हा करा. चावीवर पंप थांबायलाच तयार नसेल तर कुठेतरी इग्निशनची वायर जोडली गेली आहे. डी-जेट्रॉनिकमध्ये स्टार्टर फिरतोय पण पंप गप्प असेल, तर नव्या वायरिंगला हात लावण्याआधी डिस्ट्रिब्यूटरच्या तळाशी असलेले ट्रिगर कॉन्टॅक्ट तपासा. ते घाण झाले की कंट्रोल युनिटला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर गाडी वर घेऊन फ्यूज होल्डर हाताने चाचपा. कोमट ठीक, चटका बसला तर आतली पकड सैल आहे.