ग्रुपवरचा निरोप

"बाई, ग्रुप ह्यांच्या मोबाइलवर आहे, आणि हे रात्री उशिरा कामावरून येतात," असे आज दुसरीतल्या एका मुलीच्या आईने पालकसभेनंतर दाराशी थांबून अगदी सहज सांगितले.

वर्गात जोडाक्षरे सुरू झाली असून घरी रोज चार ओळी मोठ्याने वाचून घ्याव्यात, हा निरोप ग्रुपवर गेला होता आणि त्याखाली अंगठ्यांची रांगही लागली होती. परंतु जी आई मुलीला रोज अभ्यासाला बसवते, तिच्यापर्यंत तो पोहोचलाच नव्हता. (त्या घरचा अंगठा कोणी उमटवला, हे विचारायचे मी टाळले.)

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तरतूद उत्तमच आहे. पण सभेची सूचनाही त्याच मोबाइलवर जात असेल, तर त्या महिलांनी यायचे कसे?

उद्यापासून निरोप वहीत मोठ्या अक्षरांत लिहून देणार आहे. मुलांनीच तो आईला वाचून दाखवावा, म्हणजे जोडाक्षरांचा सरावही होईल.

तुमच्या शाळेच्या ग्रुपवर नंबर कोणाचा आहे, आईचा की वडिलांचा?