सशुल्क अपग्रेड, धडधाकट कॅमेरा आणि ‘दोष’ नावाचा रकाना

कॅमेऱ्यात लॉग प्रोफाइल, म्हणजे व्हिडिओत उजेडाचा मोठा पल्ला जपणारी सोय, सुरू करून घेण्यासाठी मी पैसे भरले, त्याला काहीच अडचण आली नाही. अडचण आली ती काहीही न बिघडलेला कॅमेरा सेवा केंद्रात दाखल करताना, आणि त्या काउंटरवर जो वेळ गेला त्याची चीड अजून पुरती उतरलेली नाही. कंपनीचे आणि केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हा प्रकार त्या एकाच ठिकाणी घडत असेल असे मला वाटत नाही.

मी सांगलीत लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतो. दुपारच्या मुहूर्ताला मांडवाच्या एका अंगाने कडक ऊन आणि दुसऱ्या अंगाने एलईडीचा झोत असतो. नवरीच्या शालूची जरतार पांढरीफटक पडते आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या मामांचा चेहरा काळवंडतो. लॉगमध्ये चित्र दिसायला फिके आणि सपाट असते, पण सेन्सरने टिपलेला उजेडाचा बराच मोठा पल्ला त्यात शाबूत राहतो आणि कलर ग्रेडिंग करताना, म्हणजे नंतर संगणकावर रंग आणि उजेड जुळवताना, जरतार आणि मामा दोघांनाही वाचवता येते. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरला आणि प्रोसेसरला हे पहिल्या दिवसापासून जमत होते, फक्त मेनूत तो पर्याय नव्हता. फ्लॅट विकत घेतल्यावर एका खोलीची किल्ली मात्र वेगळ्या पैशांनी मिळावी, तसला हा व्यवहार आहे. तो नवाही नाही. पॅनासॉनिकने 2015 साली जीएच4 साठी व्ही-लॉग एल हे आपले लॉग 99 डॉलरना विकले, कॅननने 2017 साली 5डी मार्क 4 च्या कॅनन लॉगसाठी तेवढेच घेतले, आणि निकॉनने 2019 च्या अखेरीस झेड6 व झेड7 मधून रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेला, व्हिडिओ बाहेर काढण्याच्या सोयीला सुमारे 200 डॉलर लावले. त्यामुळे पैसे मागितल्याबद्दल मी कुरकुर केली नाही. कॅमेऱ्याचा सीरियल नंबर दिला, जीएसटीसह रक्कम भरली, पावती आली.

पुढचे काम घरी होण्यासारखे नव्हते. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, केंद्रात द्यावी लागणार होती, म्हणून पुण्याला गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी अगदी नम्रपणे विचारले, “सर, कॅमेऱ्याला काय झालंय?” मी म्हणालो, काहीही झालेले नाही, अपग्रेड करायचे आहे. त्यांनी पावती वाचली, उलटून पाहिली आणि संगणकाकडे वळल्या. जॉबशीट उघडण्यासाठी ‘दोष’ हा रकाना भरणे सक्तीचे होते आणि त्यात स्वतःच्या शब्दांत काही लिहायची सोय नव्हती. दिलेल्या यादीतूनच निवडायचे होते. कॅमेरा चालू होत नाही, लेन्स एरर, पाणी गेले, शटर अडकले, मेमरी कार्ड वाचत नाही, व्हिडिओ रेकॉर्ड होत नाही. ‘अपग्रेड’ कुठेच नव्हते. शेवटी ‘इतर’ होते, पण ते निवडले की आधी इंजिनिअरकडून खर्चाचा अंदाज आणि त्यावर माझी मंजुरी लागत होती, म्हणजे भरलेल्या पैशांचा पुन्हा अंदाज. वरिष्ठांना फोन झाला. वरिष्ठ जेवायला गेले होते. अखेर मॅडमनी ‘व्हिडिओ रेकॉर्ड होत नाही’ हा पर्याय निवडला आणि खाली शेऱ्यात माझ्या सांगण्यावरून लॉग अपग्रेडचा मजकूर आणि पावतीचा क्रमांक टाकला. धडधाकट कॅमेऱ्याच्या नावे तो दोष छापून आलेल्या कागदावर मी सही केली.

दुरुस्तीचे काम त्या इमारतीत होतच नाही, बॉडी दुसऱ्या शहरातल्या कार्यशाळेत जाते, हे मला सही झाल्यावर कळले. मग सुरू झाली वाट पाहणे. तुळशीचे लग्न तोंडावर आलेले, मुहूर्तांच्या तारखा घेऊन बसलेलो, आणि फोनवर दर वेळी एकच उत्तर: “प्रोसेसमध्ये आहे.” कॅमेरा परत आला तेव्हा त्याच्यासोबत एक छापील चिठ्ठी होती. “व्हिडिओ रेकॉर्डिंग तपासले. व्यवस्थित चालते. दोष आढळला नाही.” सेन्सर स्वच्छ करून दिला होता, मेनू जसाच्या तसा होता, आणि तपासणी शुल्काचे बिल लावले होते.

काउंटरवर मी आवाज चढवला, हे कबूल करायला हरकत नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. शोध घेतल्यावर निघाले ते असे, की शेऱ्याचा मजकूर पुण्याच्या पडद्यावर दिसतो, पण कार्यशाळेतल्या इंजिनिअरपुढे फक्त दोषाचा रकाना जातो. आणि अपग्रेडच्या परवान्याचे पैसे घेणारा विभाग निराळा असल्याने त्याची नोंद या दोघांपैकी कोणालाच दिसत नाही. म्हणजे प्रत्येकाने आपले काम चोख केले होते. हे सगळे चालू असताना आतल्या बाजूने चहासाठी बाहेर आलेले एक वयस्कर तंत्रज्ञ थांबले, बोलणे ऐकले आणि म्हणाले, “संगणकावर काय लिहिलंय ते सोडा. पावतीची झेरॉक्स काढा आणि बॉडीलाच गुंडाळा. बॉडी हातात आल्यावर तो कागद सोडवल्याशिवाय इंजिनिअरला पुढं जाताच येणार नाही.” त्यांनीच आतून रबरबँड आणून दिले. पावतीच्या झेरॉक्सवर लाल पेनाने ‘फक्त लॉग अपग्रेड, दुरुस्ती नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहून ती लेन्स माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या जागेच्या, झाकणावर आडवी गुंडाळली. या खेपेला काम झाले. तपासणी शुल्क मात्र मी दिले नाही. ग्राहक विभागाला दोन्ही जॉबशीटचे क्रमांक आणि ती ‘दोष आढळला नाही’ची चिठ्ठी ईमेलने पाठवली, तेव्हा ते रद्द झाले.

ज्यांना असे अपग्रेड करायचे आहे त्यांनी पैसे भरण्यापूर्वी एवढेच लेखी विचारावे की कुलूप घरी उघडते की केंद्रात. पॅनासॉनिकच्या त्या व्यवस्थेत कॅमेरा स्वतःच कार्डावर एक फाइल तयार करून देतो. ती संकेतस्थळावर चढवून, विकत घेतलेला कोड घालून मिळालेली फाइल पुन्हा कार्डावरून कॅमेऱ्याला द्यायची असते. असे असेल तर बॉडी घराबाहेर जातच नाही. केंद्रात द्यावी लागणार असेल तर लेन्स, कार्ड, बॅटरी आणि पट्टा घरी ठेवावा, सीरियल नंबरचा फोटो काढावा आणि लग्नसराई संपल्यावरच जावे. आणखी एक: आपल्या कस्टम सेटिंग कार्डावर आधी साठवून ठेवाव्यात, कारण परत आलेला कॅमेरा कारखान्यातून आल्यासारखा कोरा असू शकतो. माझा तसाच आला होता.

लॉग मिळाल्याचा आनंद खरा आहे. पहिल्याच लग्नात शालूची जरतार सुटी सुटी दिसली. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत लॉग निवडले की किमान आयएसओच (उजेडाबाबतची संवेदनशीलता) वर चढतो, आणि सावलीचा भाग कमी उजेडात घेतला तर तिथे दाणे दिसू लागतात. मी आता उजेड थोडा चढाच ठेवतो आणि उरलेले दाणे दाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो. तिथेही नॉइज रिडक्शन, म्हणजे दाणे काढण्याची सोय, फुकटच्या आवृत्तीत मिळत नाही, स्टुडिओ आवृत्ती घ्यावी लागते; 2024 च्या 19 व्या आवृत्तीपासून त्यात एआयवर चालणारा अल्ट्राएनआर आला आहे. पैसे एकदाच जातात, म्हणून ते मला पटले. कॅननने फोटोंसाठीचे, संगणकावर चालणारे न्यूरल नेटवर्कचे साधन मासिक वर्गणीवर आणले, आणि वर्षात जेमतेम सहा महिने धंदा असलेल्या माणसाने बारा महिने भाडे का भरावे, हे मला कळत नाही.

गंमत अशी की कॅमेऱ्याच्या आतला एआय अजून पुष्कळदा फुकट मिळतो. ऑलिंपसने ई-एम1एक्स या कॅमेऱ्याला पक्षी ओळखून त्यावर फोकस धरायला 2020 च्या डिसेंबरात साध्या फर्मवेअरमधून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, शिकवले. निकॉनने झेड9 मध्ये पक्ष्यांसाठीचा वेगळा पर्याय 2023 साली तसाच दिला. सोनीच्या 2022 च्या ए7आर 5 मध्ये तर या कामाला स्वतंत्र एआय प्रोसेसर आहे, आणि त्याचे पैसे कॅमेऱ्याच्या किमतीतच घेतले जातात. प्रत्यक्षात लाखो चित्रांवर यंत्राला शिकवण्याचा खर्च लॉगची वक्ररेषा (उजेड नोंदवण्याचे सूत्र) बसवण्याहून जास्तच असणार. तरीही किल्ली विकली गेली ती लॉगची, कारण लॉग मागणारा धंदेवाईक असतो आणि तो पैसे देतो, एवढाच मला त्याचा अर्थ लागतो.

माझेच मॉडेल जुने घेण्याच्या विचारात असलेल्या एका तरुण सहकाऱ्याला मी नवीन परवान्याच्या वाटेला जाऊच दिले नाही. परवाना बॉडीच्या सीरियल नंबरला बांधलेला असल्याने तो विक्रीनंतरही तिच्यातच राहतो. म्हणून त्याला म्हटले, विकणाऱ्याला मेनूतल्या पिक्चर प्रोफाइलच्या पानाचा फोटो पाठवायला सांग, आणि त्यात लॉग दिसत असेल तर दोन-तीन हजार जास्त पडले तरी तीच बॉडी घे.