केबल चांगली, फक्त नाव जुळेना – सोलरच्या केबल खरेदीचा माझा अनुभव

गेल्या वर्षी देवगडच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) 5 मेगावॉट सोलर प्लांटचं इलेक्ट्रिकल काम घेतलं होतं, त्यातली केबल खरेदी माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून ओळखीतले दोघं-तिघं विचारून झालेत की कुणाकडून घेतलीस, नाव दे. नाव नाही देणार, उद्या त्याच कंपनीने तुम्हाला वेगळा माल पाठवला तर शिव्या मला. पण काय काय झालं ते सांगतो, कारण अजून डोक्यातून जात नाहीये, खास करून तो लॅबचा फॉर्म.

मी एवढा किरकिऱ्या का झालो ते आधी ऐका. चार वर्षांपूर्वी एका काजू कारखान्याच्या पत्र्यावर सोलर केलं होतं, केबल जिथे स्वस्त मिळाली तिथून उचलली. दोन पावसाळे गेले आणि सकाळी इन्व्हर्टर चालूच होईना, इन्सुलेशन लो दाखवायचा, ऊन चढलं की दहा-अकराला आपोआप सुरू. मालक म्हणे इन्व्हर्टर खराब दिलात. शेवटी वर चढून बघितलं तर केबलच्या आवरणाला केसासारख्या भेगा, आणि कनेक्टरजवळ सोलली तर आतलं तांबं काळं-हिरवं. टिनचा मुलामा नव्हताच. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर, खारं वारं उघड्या तांब्याचं काय करतं ते इथे कुठल्याही पंप दुरुस्तीवाल्याला विचारा. सगळी केबल पदरच्या पैशाने बदलून दिली.

म्हणून यावेळी सड्यावरच्या कामाला डीसी केबल, म्हणजे पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची, घेताना ठरवूनच बसलो, टिन्ड कॉपर (टिनचा मुलामा दिलेलं तांबं), 1500 व्होल्ट डीसी, आयएस 17293 किंवा ईएन 50618 ही सोलर केबलची मानकं, त्याच्याखाली बोलायचं नाही. जवळजवळ 60 किलोमीटर लागणार होती, 4 स्क्वेअर एमएम (आतल्या तांब्याची जाडी). इन्व्हर्टरच्या पुढच्या एसी साईडची ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल आयएस 7098 मानकाची, ती आरामात आली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तीन कोटेशन आली. तांब्याचा भाव रोज हलतो म्हणून सगळ्यांची व्हॅलिडिटी दोन-तीन दिवसांची. एक जण बाकीच्यांपेक्षा खूपच स्वस्त. आता साधा हिशोब करा, 4 स्क्वेअर एमएमच्या एक किलोमीटर केबलमध्ये साडेपस्तीस किलोच्या आसपास तांबं लागतं, ते सगळ्यांना बाजारभावानेच घ्यावं लागतं, मग हा स्वस्त कुठून देतो? एकतर तांबं कमी नाहीतर आवरण हलकं. त्याने सर्टिफिकेटची पीडीएफ पाठवली ती झकास होती, पण नंबर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साईटवर टाकला तर मुदत संपलेली, आणि फॅक्टरीचा पत्ता भलताच. विचारलं तर म्हणतो, साहेब रिन्युअलला टाकलंय. दुसऱ्याचा रेट बरा होता पण आधीच्या डिस्पॅचचे ड्रमवाईज (केबलच्या प्रत्येक रिळाचे वेगळे) टेस्ट रिपोर्ट मागितले तर आठवडाभर फोन उचलला नाही. ॲडव्हान्स घ्यायच्या आधी फोन न उचलणारा नंतर काय उचलणार. तिसऱ्याने त्याच संध्याकाळी पाठवले, म्हणून तिसरा.

आणि इथून खरा ताप.

क्लायंटची अट होती की आमच्या लॉटमधलं सॅम्पल एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमधून पास झाल्याशिवाय डिस्पॅच नाही. अट बरोबरच आहे, माझीच इच्छा होती. 22 एप्रिलला सॅम्पल ट्रॅव्हल्सने पाठवलं. पाचव्या दिवशी फोन, सॅम्पल कमी पडतंय, 10 मीटरमध्ये सगळ्या टेस्ट होत नाहीत. बरं बाबा, चूक माझी, आधी फोन करून विचारायला हवं होतं (तुम्ही विचारा, प्रत्येक टेस्टला वेगळा तुकडा लागतो). परत पाठवलं. पुन्हा चार दिवस शांतता, मग मेल. फॉर्ममधलं मॅन्युफॅक्चररचं नाव आणि केबलवर छापलेलं नाव जुळत नाही.

झालं होतं असं की केबलवर ब्रँडचं नाव छापलेलं, समजा ‘अमुक’, आणि कंपनीचं कागदावरचं नाव ‘तमुक वायर्स प्रायव्हेट लिमिटेड’. फॉर्ममध्ये रकाना एकच. मी कंपनीचं नाव लिहिलं. लॅब म्हणाली छापलंय तेच लिहा. ब्रँड लिहून पाठवला तर दुसऱ्या टेबलवरचा माणूस म्हणतो, हा ब्रँड झाला, मॅन्युफॅक्चरर कुठाय? म्हटलं दोन्ही लिहितो, मध्ये रेघ मारून. तर सिस्टीम रेघ घेत नाही! मग सांगितलं सप्लायरकडून लेटरहेडवर पत्र आणा की हा ब्रँड आमचाच आहे. सप्लायरचा सेल्सवाला हसायला लागला, म्हणे अख्ख्या मार्केटला माहितेय आमचा ब्रँड. अख्ख्या मार्केटला माहीत असून काय उपयोग, त्या टेबलवरच्या माणसाला माहीत नाही ना. पत्र यायला सहा दिवस गेले, आणि आलं तेव्हा त्यात ब्रँडच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. स्वतःच्या ब्रँडचं! मी ते पत्र घेऊन बाहेर पडवीत जाऊन बसलो थोडा वेळ.

इकडे साईटवर जांभ्यात चर खणून तयार, मुकादम रोज विचारतो, “साहेबानू, केबल कधी येतली? मिरग इलो काय चरात बेडूक पोवतले.” म्हणजे मृग नक्षत्राचा पाऊस लागला की चरात बेडूक पोहतील. मे महिना, निम्मे टेम्पो आंब्यावर, केबल सुटली तरी गाडी मिळेल की नाही ही वेगळी धाकधूक. लॅबला हापूसची पेटी पाठवावी असंही एकदा मनात आलं, नाही पाठवली.

त्यात भर म्हणजे आमच्या साईट इंजिनियरने कुठूनतरी मायक्रो-ओहममीटर (अगदी बारीक रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) आणला आणि उरलेल्या सॅम्पलचा रेझिस्टन्स मोजला, किलोमीटरला 5.31 ओहम. टिन्ड 4 स्क्वेअर एमएमला जास्तीत जास्त मर्यादा 5.09. रात्रभर झोप नाही. सकाळी लक्षात आलं की ही मर्यादा 20 डिग्रीची आणि आमच्या शेडमध्ये 32 होतं. तांब्याचा रेझिस्टन्स डिग्रीमागे साधारण 0.39 टक्के वाढतो, तो काढला तर 5.07. पास, पण काठावर. तेव्हा कुणी मोजून घाबरवलं तर आधी तापमान विचारा, आणि साध्या मल्टिमीटरने तर मोजूच नका, त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्यात येतो. आत किती तारा आहेत ते मोजून पण फारसं कळत नाही, 4 स्क्वेअर ही साईज शेवटी रेझिस्टन्सवरच ठरते.

19 मे ला रिपोर्ट आला. सगळं पास, रेझिस्टन्स 5.06. खरं सांगतो, दहावीच्या निकालाला एवढा आनंद झाला नव्हता. मग गाडी आंबा घाटाने तीन दिवसांत आली.

उतरवताना हायड्रा (छोटी क्रेन) मागवा, ड्रम ढकलून टाकू नका. केबलवर दर मीटरला आकडा छापलेला असतो, ड्रमच्या सुरुवातीचा आणि शेवटचा वाचून वजाबाकी करा, आमच्या एका ड्रममध्ये 14 मीटर कमी निघाली, सप्लायरने मुकाट्याने क्रेडिट नोट दिली. आयएसआय मार्क असेल तर लायसन्स नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा, मिनिटाचं काम आहे, आणि त्यात कंपनी आणि ब्रँड दोन्ही दिसतात का तेही बघून ठेवा. हे मला एप्रिलमध्ये सुचलं असतं तर! ते ब्रँडवालं पत्र तर ऑर्डर देतानाच मागून घ्या, स्पेलिंग वाचून.

हां, एंड कॅप राहिलीच. तुकडा कापला की उघड्या टोकाला लगेच टोपी नाहीतर निदान टेप, आपल्याकडच्या दमट हवेत पाणी तारांमधून आत ओढलं जातं आणि मग तो काजू कारखान्यासारखा प्रकार.

केबल मिरगाच्या दोन दिवस आधी चरात गेली. लॅबकडून ऑगस्टमध्ये फीडबॅक फॉर्म आलाय, त्यात पहिलाच रकाना मॅन्युफॅक्चररचं नाव. अजून भरलेला नाही.