तुम्ही विचारलंत म्हणून: कोड लिहिणे सोडून मी डीबीए (डेटाबेस प्रशासक) का झालो

“कोड चांगला लिहीत होता, मग डेटाबेस सांभाळायला का गेलात?” हा प्रश्न नवखे विचारतात, तसेच माझ्याबरोबर डेव्हलपर म्हणून सुरुवात करून आता आर्किटेक्ट झालेले मित्रही विचारतात. ‘डेटात रस होता’ असे सांगून मी आजवर सुटका करून घेतली. ते खोटे नव्हते, पण खरे कारण दुसरे आहे.

एका संध्याकाळी एका ग्राहकाचा पत्ता दुरुस्त करण्यासाठी मी थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहकांच्या खऱ्या, चालू डेटाबेसवर, अपडेट चालवले आणि चालवताना कोणत्या नोंदी बदलायच्या हे सांगणारी व्हेअरची ओळ निवडायचीच राहिली. सगळ्या ग्राहकांचा पत्ता एकच झाला. प्रत्येक बदल लगेच कायम करणारे ऑटोकमिट चालू असल्यामुळे रोलबॅकचा, म्हणजे बदल मागे घेण्याचा, मार्ग नव्हता, आणि डेटाबेसच्या ज्या जुळ्या प्रतीला, रेप्लिकेला, मी तोवर बॅकअप समजत होतो, तिने माझी चूक काही क्षणांत इमानेइतबारे उतरवून घेतली. आमच्या डीबीए बाई शेजारी येऊन बसल्या, रागावल्या नाहीत, फक्त विचारले, “नेमकं किती वाजता चालवलंस?”

मला सांगता येईना. आदला पूर्ण बॅकअप वेगळ्या मशीनवर चढवायचा, त्यानंतरचे व्यवहार लॉगमधून, म्हणजे डेटाबेसने ठेवलेल्या बदलांच्या नोंदीतून, क्रमाने पुन्हा चालवत आणायचे आणि चूक होण्याच्या अलीकडे थांबायचे, अशी ती रीत होती. नेमका तो क्षणच मला ठाऊक नव्हता. अखेर सहकाऱ्याला मी ऐटीत पाठवलेला ‘झालं’ हा निरोप सापडला: ४ वाजून ५२ मिनिटे. बाईंनी लॉग ४:५० पर्यंत चालवले, जुने पत्ते काढले आणि ज्या नोंदींत अजूनही तो चुकीचा पत्ता होता, तेवढ्याच बदलल्या. कारण मधल्या वेळात एखाद्या ग्राहकाने स्वतःच पत्ता बदलला असेल, तर तो पुसला जाता कामा नये. मला हे सुचलेही नसते. पुढच्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली गेलो.

म्हणजे भीतीपोटी गेलात, असे कोणी म्हटले की मी चिडतो. मग मी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचे उदाहरण देतो: ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अनुभवी अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसला, आणि बॅकअप काढणाऱ्या पीजी-डंप या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्यामुळे नेहमीचे बॅकअप होतच नव्हते, हे तेव्हा उघड झाले, सुमारे सहा तासांचा डेटा गेला. हे उदाहरण मी जरा जास्तच तत्परतेने देतो, हे मला कळते.

‘डेटाबेसवाल्याला मरण नाही’ असे तेव्हा मी घरी ठणकावून सांगितले होते. अमेझॉनची आरडीएस ही डेटाबेस सांभाळून देणारी सेवा २००९ मध्ये आली होती. आज तशा सेवांत बॅकअप आणि हव्या त्या क्षणापर्यंतचे रिस्टोअर ही एक सेटिंग असते. मंद क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कशी चालते तो प्लॅन वाचणे आणि शोध वेगवान करणारे इंडेक्स ठरवणे अजून माझ्याकडे येते, पण त्यावर किती वर्षे निघतील, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

मित्रांनी नव्याने बांधलेले काही दाखवले की हेवा वाटतो. गेल्या आठवड्यात एकाने दाखवले, तेव्हा दिवसभर मला जुना एडिटर उघडावासा वाटत राहिला. त्या रात्री रिस्टोअरची चाचणी ठरलेली होती. एडिटर न उघडता मी ती घेतली.