मिठी 1:10,000 – चौथ्या थरावर आली साय

मुंबईच्या मिठी नदीचं 1:10,000 प्रमाणातलं मॉडेल करतोय, पाणी दाखवायला इपॉक्सी रेझिन थराथराने ओततोय. त्यातला चौथा थर बिघडला. पवई ते साकीनाका पाणी काचेसारखं बसलंय, पण कुर्ल्यापासून बीकेसीपर्यंत (वांद्रे-कुर्ला संकुल) दुधासारखी साय धरलीय. बोट लावलं तर चिकट.

आधी रेझिन आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) यांच्या प्रमाणाचा संशय आला. काट्यावर परत मोजलं, 2:1 बरोबर. मग हीट गन फिरवली, फरक शून्य. तीन रात्री यातच गेल्या. शेवटी हायग्रोमीटरकडे, म्हणजे आर्द्रतामापकाकडे लक्ष गेलं. वरचा भाग दुपारी उघडीप असताना ओतला होता. खालचा संध्याकाळी, वास जावा म्हणून गॅलरीचं दार उघडं ठेवून, आणि बाहेर धो धो पाऊस. आर्द्रता 91 टक्के! हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतं, त्याचीच ही साय. तिच्यावर नवा थर धरत नाही. आणि कृपा करून आधी सँडपेपर लावू नका, ती आणखी आत रगडली जाते. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ स्पंज, पूर्ण वाळवणं आणि मगच 320 ग्रिटचा सँडपेपर. माझं अर्ध्याहून जास्त निघालं. ‘पावसात काही होत नाही’ असं सांगून विकलेलं ते हार्डनर पुन्हा घेणार नाही.

विमानतळाचा भाग मात्र साधला. काटकोनी वळणांवर रेझिन अडवायला लावलेली टेप यंदा गळली नाही, आणि धावपट्टीखालून गेलेलं पाणी दोन्ही तोंडांतून दिसतं. कितीतरी वेळ वाकून तेच बघत होतो.

धुताना एक गोष्ट लक्षात आली. मॉडेलची जमीन सनबोर्डच्या (फोमच्या हलक्या शीटच्या) थरांची आहे, आणि उंची पाचपट घेतल्यामुळे 5 मिमीचा एक थर म्हणजे 10 मीटर. विहार तलावाची सांडपातळी 80 मीटर, म्हणजे आठ थर. पण कुर्ल्याखालची सगळी नदी सर्वांत खालच्या एकाच थरात! साबणाचं पाणी तिथे तसंच थांबून राहिलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, त्यात भरती, तेव्हा पाणी का हटलं नाही ते हाताला कळलं.

म्हणून बेत बदलतोय. कुर्ला ते माहीम रेझिन खरवडून काढणार आणि तिथे खरं पाणी खेळवणार. माहीमच्या तोंडाशी सलाइनची नळी, टोकाला 50 मिलीची सिरिंज. दट्ट्या दाबला की भरती, ओढला की ओहोटी. पात्र जेमतेम 7 मिमी रुंद, त्यामुळे पाणी थेंबाथेंबाने अडतं. साबणाचा एक थेंब टाकल्यावर सुधारलं, पण फेस येतो. एवढ्या अरुंद पात्रात कुणी पाणी खेळवलं असेल तर काय वापरलंत ते सांगा.