तुम्ही विचारलंत म्हणून: तो दिवस कोणता?

‘तुम्ही विश्वासात आलात तो दिवस कोणता?’ मंडळीपुढे आपल्या श्रद्धेची साक्ष दिली की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याला तारीख हवी असते, जमल्यास एखादा अपघात, मोठं आजारपण किंवा कायमची सुटलेली दारूही. माझ्याकडे यातलं काहीच नाही. ख्रिस्ताने मला बदललं, अजून बदलतो आहे, एवढं मी खात्रीने सांगते. तारीख मात्र नाही.

तारखेची ही सवय आपल्याला बायबलमधल्या पौलामुळे लागली असावी; त्याचं आधीचं नाव शौल. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रकाश चमकला, तो खाली पडला, तीन दिवस त्याला दिसेना, आणि ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा शौल ख्रिस्ताचा प्रेषित झाला. आपण गोष्ट इथेच संपवतो. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पौल पुढचंही सांगतो: तो आधी अरबस्तानात गेला, मग पुन्हा दिमिष्काला आला आणि तीन वर्षांनी यरुशलेमेला जाऊन येशूचा शिष्य पेत्र याला भेटला. त्या वर्षांत त्याच्या मनात काय चाललं होतं, याबद्दल तो फारसं बोलत नाही. साक्षीच्या सभेत त्या वर्षांना कोणी विचारतही नाही!

मला जास्त विचारात पाडतो तो जॉन न्यूटन. कृपेवरचं त्याचं इंग्रजी गीत जगभर गायलं जातं. मार्च 1748 मध्ये अटलांटिक महासागरातल्या वादळात जहाज बुडण्याच्या बेतात असताना त्याने देवाचा धावा केला. त्याच्याकडे तारीख होती आणि तो ती आयुष्यभर पाळत असे. पण त्यानंतरही तो गुलामांच्या व्यापारातच राहिला, अशा जहाजांचा कप्तान झाला. जहाजावर तो प्रार्थना करी, बायबल वाचे. खाली साखळदंडांत माणसं असत. 1754 मध्ये त्याने समुद्र सोडला तो प्रकृतीमुळे, सदसद्विवेकामुळे नव्हे. पुढे तो चर्चचा पाळक झाला. त्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे पत्रक काढलं ते 1788 साली. वादळानंतर चाळीस वर्षांनी.

यावर कोणी म्हणेल, मग त्याचा विश्वास खोटाच होता. मला तसं वाटत नाही. श्रद्धा माणसाच्या प्रार्थनेत लवकर शिरते, धंद्यात आणि पैशांत फार उशिरा. बायबलमधल्या जक्कयाचं उलट झालं. येशू त्याच्या घरी आला त्याच दिवशी जकातदारांचा हा मुख्य उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो. फसवून घेतलेलं कबूल केलं तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच मोशेचं नियमशास्त्र सांगत होतं. म्हणून बदल कधी झाला, यापेक्षा तो कुठवर पोचला, हे विचारावं असं मला वाटतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर उपासना, वचन वाचणं, गाणं हे सोपं गेलं. जिभेला वेळ लागला. आणि आपलंच खरं करण्याच्या हौसेपर्यंत कृपा अजून पुरती पोचलेली नाही. वाद जिंकण्यात एक सुख असतं आणि ते मला आवडतं, काय करणार! रात्री मी 139 व्या स्तोत्राच्या शेवटची विनंती करते: देवा, माझं मन तपास, माझ्यात काही वाईट मार्ग आहे का ते पाहा. ही प्रार्थना वरवर करता येत नाही. करताच कोणाचं तरी नाव आठवतं, आणि सकाळी त्या माणसाला फोन करावा लागतो. पूर्वी मी असा फोन कधीच केला नसता. बदल दाखवा म्हणालात तर मी हाच दाखवीन.

सगळंच बदलतं असंही नाही. देहातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. तो निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, एवढंच उत्तर मिळालं.

काहीजण तरीही सोडत नाहीत. तारीख नसेल तर तारण झालं हे कशावरून, असं विचारतात. त्यांना मी पेत्राकडे पाठवते. त्याने जाळी सोडली तो एक दिवस. ‘तू ख्रिस्त आहेस’ असं म्हणाला तो दुसरा. मग कोंबडा आरवण्याआधी त्याने येशूला तीनदा नाकारलं. पुढे सरोवराच्या काठी येशूने त्याला ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ असं तीनदा विचारलं. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला (पेंटेकॉस्टला) त्याने हजारोंपुढे भाषण केलं, आणि त्यानंतर अंत्युखियात यरुशलेमेच्या माणसांना भिऊन विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासी भावांच्या पंगतीतून उठला. पौलाला त्याला सर्वांदेखत सुनवावं लागलं. यांतला पेत्राचा दिवस कोणता धरायचा, ते आधी ठरवा. मग माझ्या तारखेचं बघू.